पाह्यलं का ऐकलं?

देवपुजारीबाई मनातलं ओळखतात, असा जबलपुरातल्या निम्म्या लोकांचा पक्का समज होता. कारण इतकंच, की आमच्या मास्तरणी तयार करायच्या शाळेत त्या मानसशास्त्र शिकवत, आणि हा शब्द तेव्हा गावाला नवा होता. भाजीवाल्या भविष्य विचारायला त्यांच्यासमोर हात पुढे करायच्या. शेजारणी त्यांच्याशी बोलताना मनात भलतं काही येऊ नये म्हणून रामनाम घेत बसायच्या. बाईंनी सुरुवातीला सगळ्यांना समजावून पाहिलं, पण छोटेलालच्या घोडीनं त्यांचं सगळं समजावणं पाण्यात घालवलं.

छोटेलाल हा आमच्या शाळेच्या फाटकाशी टांगा लावणारा. एका सकाळी तो रडकुंडीला येऊन बाईंसमोर उभा राहिला. "बहनजी, आप तो मन पढ़ लेती हैं. बताइए, मेरी घोड़ी कौन ले गया?"

बाई वर्गात निघाल्या होत्या. त्या थांबल्या. घोडी कुठं बांधली होती, विचारलं. ओमती नाल्याच्या पिंपळाखाली, छोटेलाल म्हणाला.

"तुमने बाँधते देखा? या सुना?"

छोटेलालनं डोकं खाजवलं. मग म्हणाला, की बांधली भावानं. त्यानंच घरी येऊन सांगितलं.

"तो भाई से पूछो," म्हणून बाई वर्गात गेल्या.

घोडी बरगीकडच्या एका गावात सापडली. भावानं ती कोणाच्या तरी वरातीसाठी दिली होती आणि छोटेलालला सांगायची हिंमत झाली नव्हती. त्या दिवसापासून छोटेलाल बाईंना बसवून नेताना पुढच्या गिऱ्हाइकाला सांगायचा, की या मनाच्या डॉक्टरीण आहेत, यांनी डोळे मिटले आणि घोडी दिसली. बाई मागच्या सीटवरून ओरडायच्या, "अरे, आँखें कब बंद कीं मैंने?" पण टांग्याच्या खडखडाटात ते कोणाला ऐकू येणार?

"पाह्यलं का ऐकलं?" हा त्यांचा प्रश्न. तो त्यांनी आमच्यावर इतक्यांदा टाकला, की आम्ही मुली आपसातही तसंच बोलायला लागलो. बाई मूळच्या वर्धेच्या. वय तिशीचं असेल. लग्न केलेलं नव्हतं, आणि त्याचं कारण विचारायची कोणाची छाती नव्हती. उंच, सडसडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. छत्री बारा महिने हातात. पदराच्या गाठीला फुटाणे असायचे आणि शिकवता शिकवता गाठ सुटायची. हसल्या तर तोंडावर हात न ठेवता हसायच्या. त्या काळात ते फार मोठं धाडस होतं. माझी आई त्यांना पहिल्यांदा भेटली तेव्हा घरी येऊन एवढंच म्हणाली, "चांगली आहे गं तुझी बाई. पण दात केवढे दाखवते!"

आम्ही शिकत होतो ते मध्यप्रांताचे दिवस. छावणीत गोरे सोल्जर होते, सदर बाजारातल्या दुकानांत इंग्रजी पाट्या होत्या, आणि आम्हा मराठी घरांचं सगळं जग दीक्षितपुरा, गोलबाजार आणि नेपियर टाउन यांत मावत होतं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. सगळ्यांना सगळ्यांचं सगळं माहीत. "हे तर सगळ्यांनाच माहीत आहे," असं कोणी म्हटलं की बाई कान टवकारायच्या. "सगळ्यांना म्हणजे कोणाला? एकाचं नाव सांग."

पुस्तकातली मानसशास्त्राची माणसं प्रयोगशाळेत बसून अर्थ नसलेली अक्षरं पाठ करतात आणि किती विसरलं ते मोजतात, हे त्यांनी आम्हाला शिकवलं. परीक्षेला लागतं म्हणून शिकवलं. मग पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "माणूस कधी एकटा बसून अक्षरं आठवत असतो का गं? तो ओट्यावर बसून शेजाऱ्यासोबत लग्नं आठवतो, भांडणं आठवतो. दहाजण मिळून एकच गोष्ट आठवतात. तेव्हा त्या गोष्टीचं काय होतं, ते मले पाह्यचं आहे."

एरवी त्या 'मला' म्हणत. 'मले' आलं की समजायचं, बाई रंगात आल्या.

त्याच तासाला त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला बाहेर नेऊन एक गोष्ट सांगितली. मंडल्याच्या जंगलातला एक गोंड मधाचं गाडगं घेऊन नदीपार निघतो, नावेत त्याला परका माणूस भेटतो, दोघं एक शब्दही बोलत नाहीत, आणि उतरताना गोंड गाडगं त्याच्या पायाशी ठेवून निघून जातो. झालं. ती मुलगी दुसरीला सांगणार, दुसरी तिसरीला, असं करत शेवटच्या बाकापर्यंत. शेवटी शांता उभी राहिली. शांता म्हणजे माझी जिवाची मैत्रीण. तिनं खणखणीत आवाजात गोष्ट सांगितली, की एक गरीब ब्राह्मण काशीला गेला, तिथं त्याला गंगेवर एक साधू भेटला, आणि त्यानं भक्तिभावानं साधूच्या पायाशी तुपाचा घडा अर्पण केला.

सगळा वर्ग हसून लोळला. पहिल्या बाकावरची मुलगी तर रडायलाच आली. तिला वाटलं, तिचंच काही चुकलं.

"कोणीच चुकलं नाही," बाई म्हणाल्या. "पाहा, प्रत्येकीनं थोडी थोडी गोष्ट आपल्या घरची करून घेतली. अनोळखी होतं ते गळालं. ओळखीचं चिकटलं. तुम्ही कोणी लबाडी केली नाही. तुम्ही आठवलं, एवढंच."

बापूराव टेंभेकरांचं प्रकरण याच वर्षी सुरू झालं.

आमच्याकडं बोलता बोलता कोणी अडखळलं, की म्हणायचे, "झाला बापूराव!" पाढे म्हणणारं पोर सोळा सत्तेपाशी थांबलं, झाला बापूराव. उखाणा घेताना नवरी अडली, झाली बापूराव. हे मी लहानपणापासून ऐकलेलं. एकदा सरावाचा पाठ घेताना एक मुलगी फळ्यापुढं मुकी झाली आणि मागून कोणीतरी तेच म्हणालं. सगळ्या खिदळल्या. बाईंनी विचारलं, "कोण हा बापूराव?"

आम्ही सगळ्या एकदम सांगायला लागलो. वीसेक वर्षांपूर्वी मराठी मंडळींच्या गणपतीत नाटक होतं. मंडळातल्याच एका मास्तरांनी लिहिलेलं, ऐतिहासिक. बापूराव सेनापती. तिसऱ्या अंकात त्यांचं लांबलचक भाषण. भाषण ऐन रंगात आलं आणि वाक्याच्या मध्येच बापूराव थांबले. विसरले! खांबासारखे उभे राहिले. लोक हसले, शिट्ट्या वाजल्या, शेवटी पडदा पाडावा लागला.

"अच्छा," बाई म्हणाल्या. "तुम्ही पाह्यलं का ऐकलं?"

आम्ही तेव्हा जन्मलोही नव्हतो.

"आणि ते बापूराव आता?"

ते तारघरात तारबाबू होते. माझ्या घरामागच्याच गल्लीत राहायचे. नीटनेटका, बारीक आवाजाचा माणूस. कोणाच्या अध्यात ना मध्यात. गणपती बसायच्या आदल्या दिवशी ते रजा टाकून सिहोऱ्याला बहिणीकडे जायचे आणि विसर्जन झाल्यावर परत यायचे. दरवर्षी. का जातात, ते सगळ्यांना कळत होतं. त्याबद्दल कोणाला काही वाटत नव्हतं. आपलं नाव पोराटोरांच्या तोंडी असं खेळताना त्या माणसाला कसं वाटत असेल, हा विचार माझ्या मनात बाईंनी विचारेपर्यंत आला नव्हता.

बाईंनी आम्हाला कामाला लावलं. दोघी-दोघींनी जायचं, त्या नाटकाला हजर असलेल्या माणसांना भेटायचं. नियम एकच. प्रत्येकाला एकट्याला विचारायचं. दुसरं माणूस खोलीत नको. आणि आपण काही सुचवायचं नाही. "मग काय झालं?" एवढंच विचारत राहायचं.

हा नियम करणाऱ्या बाईंना सासू-सुनेच्या घराचा अनुभव नव्हता, असं शांताचं म्हणणं. एका सुनेला आम्ही न्हाणीघराशी गाठलं, तर सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "तिला काय विचारून राहिल्या? तिला काही आठवत नाही. मी सांगते!" एका घरी आजोबांना एकटं गाठलं, तर त्यांनी आमचीच तासभर चौकशी केली, गोत्रापर्यंत. तरी हळूहळू बरंच जमा झालं. आणि काय काय जमा झालं! कोणी म्हणे, बापूराव पहिल्याच वाक्याला अडले. कोणी म्हणे, शेवटच्या. कोणी म्हणे, ते रडले. कोणी म्हणे, हसले. गॅसबत्ती विझली, मांडव गळायला लागला, एका काकांच्या म्हणण्याप्रमाणे तर स्टेजवर बैल चढला. आमच्या शेजारच्या दोघांनी वेगवेगळं सांगितलं, की प्रॉम्प्टर मीच होतो.

बैल सांगणारे फार नव्हते. तुरळक. बाकीच्यांना बैल माहीतच नव्हता.

मग बाईंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्याच सगळ्या बायकांना आपल्या घरी बोलावलं. बाईंचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून कुंकू लावायला शांताची आई बसली. वाण म्हणून प्रत्येकीला फणी-करंड्याची पेटी, आणि तिळाच्या वड्या तर इतक्या, की त्यांचा महिन्याचा पगार वड्यांतच गेला असं आम्हाला वाटलं. बाई स्वतः कोपऱ्यात गप्प बसल्या. शांतानं ठरल्याप्रमाणे सहज विषय काढला. पाच मिनिटं सगळ्या एकदम बोलत होत्या. मग नानी बोलायला लागल्या.

नानी म्हणजे मराठी समाजाच्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या बाई. त्यांच्यापुढं घरातला रेडिओही बंद करावा लागायचा. नानी म्हणाल्या, "अरे बाप्पा! बैल विसरल्या का तुम्ही? केवढा बैल तो! बापूरावांच्या पाठीमागून आला!"

एकजण चाचरत म्हणाली, "बैल होता का हो?"

"होता म्हणजे? माझ्या डोळ्यांसमोर आहे!"

"हो हो," दुसरी म्हणाली, "काहीतरी पांढरं हललं होतं खरं."

चहा येईपर्यंत बैलाला शिंगं आली, गळ्यात घंटा आली, आणि तो कोणाच्या गोठ्यातला हेही ठरलं.

पंधरा-वीस दिवसांनी आम्ही पुन्हा एकेकीला वेगवेगळं विचारलं. आता बहुतेकींच्या आठवणीत बैल होता. माझ्या आईच्याही. पहिल्या वेळी तिनं मला बैलाचं नावही काढलं नव्हतं. मी म्हटलं, "आई, तू तर नानींकडून ऐकलंस!" तर ती चिडली. "काहून? मी काय आंधळी आहे? घंटेचा आवाज येतो आहे मला अजून!"

हे बाईंना सांगितलं तेव्हा त्या इतक्या खूश झाल्या, की त्यांनी पदराची गाठच सोडली आणि सगळे फुटाणे आम्हाला दिले. मग जरा वेळानं म्हणाल्या, "हसू नका हं आईला. ती खरंच सांगून राहिली आहे. तिला खरंच ऐकू येते घंटा. म्हणून तर हे पाहण्यासारखं आहे."

बाईंची स्वतःचीही एक आठवण होती. लहानपणी गणपतीला त्या जबलपूरला मावशीकडे आल्या होत्या, ते नेमकं त्याच वर्षी. बापूरावांची डाव्या बाजूची मिशी सुटून लोंबत होती आणि आपण पहिल्या रांगेत बसून हसत होतो, असं त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. "माझी साक्ष सगळ्यांत शेवटी घ्या," असंही म्हणाल्या होत्या. म्हणून आम्ही त्यांना सोबत घेऊनच दीक्षितपुऱ्यात मावशींकडे गेलो. मावशी थकलेल्या, पण बोलण्यात ठणठणीत. बाईंनी मिशीची गोष्ट काढली.

"तू कशी पाहशील गं मिशी?" मावशी म्हणाल्या. "तुला गोवर निघाला होता. अंधाऱ्या खोलीत निजून होतीस दहाही दिवस. मी नाटकाहून आले आणि तुझ्या उशाशी बसून सगळं सांगितलं. तू केवढी हसलीस. मला बरं वाटलं, की पोरीला उतार पडला."

बाईंनी चष्मा काढला. मला वाटलं, आता त्या ओशाळतील. बाईंनी दोन्ही हातांनी जोरात टाळी वाजवली. "मावशी! म्हणजे मी मिशीसुद्धा ऐकूनच पाह्यली!" आणि तोंडावर हात न ठेवता त्या इतकं हसल्या, की मावशींना वाटलं, पोरगी पुन्हा फणफणली. परतताना टांग्यात त्या आपल्याशीच म्हणत होत्या, "पहिली रांग... अगं, पहिल्या रांगेतलं गवतसुद्धा टोचत होतं मला..."

आता खुद्द बापूराव राहिले होते. त्यांच्याकडे जायला बाईंनी वेळ लावला. "त्यांना दुखवायचं नाही," म्हणाल्या, "आणि हे असं आहे, की नुसतं विचारलं तरी दुखेल." शेवटी एका रविवारी दुपारी गेल्या. मी शेजारची म्हणून मला सोबत नेलं. बापूरावांनी व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या, बायकोला सरबत करायला सांगितलं आणि अदबीनं बसले. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. कशासाठी आलो ते सांगितलं. बापूरावांच्या पत्नी सरबताचे पेले घेऊन दारातच थबकल्या.

"त्यात विचारायचं काय आहे, बाई?" बापूराव शांतपणे म्हणाले. "मी विसरलो. सगळेच सांगतात."

"सगळे सांगतात ते मी ऐकलं. तुम्हाला काय आठवतं?"

"तेच ना. सुरुवातीला मी लोकांना काही काही सांगून पाह्यलं. कोणी मानलं नाही. विसरणारा माणूस असंच म्हणतो, म्हणाले. मग मलाही वाटायला लागलं, विसरलोच असेन."

"भाषण आठवतं?"

बापूराव हसले. पहिल्यांदाच. "भाषण? ते कसं विसरेन?"

"म्हणाल?"

त्यांनी गल्लीकडे पाहिलं. गल्लीत कोणी नव्हतं. ते उठून उभे राहिले, खांदे मागे गेले, आणि त्या बारीक आवाजाच्या तारबाबूच्या छातीतून असा आवाज निघाला, की अंगणातली कबुतरं उडाली. गडाचं वर्णन, पडलेल्या बुरुजांचं वर्णन, शत्रूची छावणी. एक शब्द इकडचा तिकडं नाही. बोलत बोलत ते शेवटाला आले, "आणि ज्यांच्या एका शब्दासाठी या मावळ्यांनी छातीचा कोट केला, त्या राणीसाहेब..."

आणि थांबले.

बाई खुर्चीच्या कडेवर आल्या होत्या. "पुढं?"

"पुढं काही नाही," बापूराव म्हणाले. "इथं राणी येते. माझं वाक्य तोडून म्हणते, 'सेनापती, पुरे.' पुढचं वाक्य तिचं आहे."

"मग? त्या दिवशी?"

"राणी आली नाही."

ते स्वतःच म्हणाले आणि स्वतःच ऐकत उभे राहिले.  मग ते हळूहळू खुर्चीत बसले. "राणी आली नाही," ते पुन्हा म्हणाले. "मी वाट पाहत होतो. बाई, मी विसरलो नव्हतो हो! मी वाट पाहून राहिलो होतो."

"आपलं आपण काही बोलून वेळ मारून न्यायची," मी न राहवून म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं नवलानं पाहिलं. "दुसऱ्याचं वाक्य मी कसं म्हणू, बेटा?"

त्यांच्या पत्नींनी पेले तिथंच उंबऱ्यावर ठेवले आणि पदर डोळ्यांना लावला. "मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकून राहिले," त्या म्हणाल्या. "यांनी मला हे कधी सांगितलं नाही."

राणी कोण होती, ते शोधायला वेळ लागला नाही. तेव्हाचा मनू, सोळा वर्षांचा, गोरागोमटा, मंडळाच्या अध्यक्षांचा मुलगा. आता नेपियर टाउनमधले मनोहरपंत वकील, चांगले भारदस्त, कोटाची बटणं ताणलेली. बाई सरळ त्यांच्या बैठकीत गेल्या. वकिलांनी पक्षकारांना बाहेर बसवलं. बाईंनी विचारलं, "वकीलसाहेब, तिसऱ्या अंकात राणी स्टेजवर काहून आली नाही?"

मनोहरपंतांचा चेहरा लाल झाला. त्यांनी खिडकी लावली. मग म्हणाले, "माझं लुगडं सुटलं होतं."

नऊवारी नेसवणाऱ्यानं कासोटा ढिला घातला होता. विंगेत पाऊल टाकलं आणि सगळं पायाशी. दोघं-तिघं त्यांना पुन्हा गुंडाळत होते. त्यात प्रॉम्प्टरही होता, हातात लुगड्याचं टोक आणि तोंडात पुस्तक. बाहेर शिट्ट्या सुरू झाल्या तसे सगळे आणखी गडबडले. वडिलांनी पडदा पाडायला लावला आणि आतल्या सगळ्यांना तंबी दिली, की मुलाचं नाव निघता कामा नये.

"आणि इतकी वर्षं तुम्ही गप्प?"

"पहिले काही दिवस बापाचा धाक होता. नंतर..." मनोहरपंत थांबले. "नंतर, खरं सांगतो बाई, मलाही तसंच आठवायला लागलं. बापूराव विसरले. सगळे म्हणत. कोर्टात मी रोज साक्षीदारांना उलटसुलट विचारतो. मला मात्र कोणी विचारलंच नाही."

बाईंनी त्यांना दोष दिला नाही. एवढंच म्हणाल्या, "आता गणपती येतील. तेव्हा मी मंडळात आठवणींवर बोलणार आहे. तुम्ही यावं."

मनोहरपंत आले. बाईंनी बोलण्यात कोणाचंच नाव घेतलं नाही. माणसं मिळून कशी आठवतात, जो स्टेजवर दिसतो त्याच्याच नावावर सगळं कसं जमा होतं, आणि पडद्यामागं असतो त्याला कोणी का आठवत नाही, हे त्यांनी गोंडाच्या मधासकट सांगितलं. त्या खाली बसणार, तेवढ्यात मनोहरपंत उभे राहिले. आपल्या कोर्टातल्या आवाजात त्यांनी लुगड्याची सगळी हकीकत सांगितली, कासोट्यासकट. मांडवात असा हशा उसळला, की नानींचा आवाज त्यात बुडाला. मनोहरपंत स्वतःही हसत होते. मग ते म्हणाले, "हसलात ना? मग आता इतकी वर्षं बापूरावांना जे हसलात, ते परत घ्या."

कोणीतरी सिहोऱ्याला गेलं. विसर्जनाच्या आत बापूराव जबलपुरात होते.

पुढच्या वर्षी त्यांनी नाटकात काम केलं. म्हाताऱ्या कारभाऱ्याचं, लहानसंच. मी पाहिलं, अगदी स्वतः पाहिलं. पहिल्या वाक्याला टाळी पडली आणि ते टाळी थांबेपर्यंत थांबले, तेव्हा सगळा मांडव श्वास रोखून बसला. मग त्यांनी दुसरं वाक्य म्हटलं आणि आमच्या रांगेतल्या बायकांनी सुस्कारे टाकले.

पण ज्यांना गावानं एकदा आठवायला घेतलं, त्यांची सुटका नसते. एक-दोन वर्षांत गोष्ट पुन्हा बदलली. आता लोक म्हणायला लागले, की स्टेजवर बैल चढला, सगळी पात्रं पळाली, धावपळीत राणीचं लुगडं सुटलं, आणि एकटे बापूराव बैलासमोर पहाडासारखे उभे राहिले. अडखळणाऱ्या पोरालाही आता वेगळंच सांगायचे, "घाबरू नकोस, बापूराव हो!" बाई सुरुवातीला जिथं ऐकायच्या तिथं सांगायच्या, "बैल नव्हता हो!" लोक म्हणायचे, "नव्हता कसा? तुम्हीच तर शोधून काढलं ना, बाई!"  आमच्या घरी येऊन बाई मला म्हणायच्या, "कुसुम, माझ्या पुराव्यानं बैल सिद्ध झाला गं."

मी तेव्हा शिक्षण संपवून गावातल्याच एका शाळेत शिकवत होते आणि माझं लग्न अमरावतीला ठरलं होतं. जायच्या आधी बापूरावांच्या निवृत्तीचा सत्कार झाला, रविवारी सकाळी, मंडळाच्या अंगणात. हार झाले, नारळ झाला, भाषणं झाली. प्रत्येक भाषणात बैल होता. मनोहरपंतांच्याही. मी बाईंकडं पाहत होते. त्या मागे, छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकून ऐकत होत्या. अध्यक्षांनी त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. मला धस्स झालं, कारण बाईंना खोटं बोलता येत नव्हतं आणि समोर बापूराव हार घालून बसले होते, लहान मुलासारखे खुललेले.

बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बापूरावांना मी कारभाऱ्याच्या कामात पाह्यलं आहे. फार छान केलं त्यांनी. एवढंच." आणि बसल्या. लोकांना भाषण तोकडं वाटलं.

जिलब्या झाल्यावर सगळे पांगले. मी बाईंना शोधत फाटकाशी आले, तर बापूराव त्यांच्याजवळ उभे होते. हार अजून गळ्यात. ते जरा अवघडून म्हणत होते, "बाई, तुम्ही सगळ्यांना विचारलं होतं. तुम्हाला माहीत असेल. बैल होता का हो?"

बाईंनी छत्री या हातातून त्या हातात घेतली.

"नव्हता, मला माहीत आहे," बापूराव म्हणाले. "राणी आली नाही, एवढंच झालं होतं. पण आताशा मला वाटून राह्यलं, की होता. रात्री पडलो की त्याचा श्वास इथं लागतो." त्यांनी मानेमागं हात नेला. "गरम. हे असं का होत असेल?"

बाईंचा चेहरा मला नीट दिसत होता. तो मला आजही तसाच दिसतो. आधी त्या काहीतरी सांगणार होत्या, कदाचित सगळंच. मग त्यांचे डोळे चष्म्याआड बारीक झाले आणि मावशींकडे गोवरातल्या त्या मिशीच्या वेळी झाला होता तसा सगळा चेहरा उजळला.

"रंग कोणता होता, बापूराव?"

"पांढरा," बापूराव लगेच म्हणाले. "पण पाठीवर थोडा करडा."

"अच्छा. आणि शिंगं?"

"शिंगं! चला ना, चालता चालता सांगतो."

छोटेलालचा टांगा उभा होता, पण दोघं त्यात बसले नाहीत. गोलबाजाराच्या रस्त्यानं ते पायीच निघाले. टांगा रिकामाच त्यांच्या मागून चालला. मला लगेच घरी जायचं होतं, आईनं बोलावणं पाठवलं होतं. पुढं अमरावतीला गेले आणि बाईंना पुन्हा पाहायचा योग आला नाही. फाटकातून मी पाहिलं, ते एवढंच. भर उन्हात बापूराव रस्त्याच्या मधोमध थांबले होते, दोन्ही हात पूर्ण पसरून शिंगांची रुंदी दाखवत होते, आणि बाई त्यांच्यावर आपली छत्री धरून, मान तिरकी करून, एवढी का, एवढी का, असं पुन्हा पुन्हा विचारत होत्या.